वाचकांचे प्रश्न : अन्नप्रक्रियेचं पहिलं वर्ष

अन्नप्रक्रिया, म्हणजेच फूड प्रोसेसिंग, या विषयाच्या पदवीपूर्व प्रमाणपत्र वर्गात शिकणाऱ्या आणि शिकू पाहणाऱ्या वाचकांची पत्रं या अंकासाठी निवडली आहेत. एकाच अडचणीची अनेक पत्रं होती तिथे ती एकत्र करून एकच उत्तर दिलं आहे.

प्रश्न : मुलीने यंदा बी.एस्सी. फूड प्रोसेसिंगला प्रवेश घेतला. घरची परिस्थिती पाहता तीन वर्षं पूर्ण होतील का, सांगता येत नाही. एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन थांबता येतं असं कॉलेजात सांगितलं. त्या प्रमाणपत्राला काही किंमत आहे का?
– एक पालक, परभणी जिल्हा

उत्तर : थांबता येतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, जो श्रेयांक (क्रेडिट) आराखडा दिला, त्यानुसार पहिल्या वर्षाचे किमान ४० श्रेयांक मिळवले की पदवीपूर्व प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं. मात्र त्यासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम किंवा कार्यानुभव वेगळा पूर्ण करावा लागतो. ही अट आत्ताच लक्षात ठेवा, कारण ऐन मे महिन्यात कारखाना शोधायला निघालं तर जागा मिळत नाही. बाहेर पडल्यानंतर ३ वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण ७ वर्षांत पदवी पूर्ण करता येते. मिळवलेले श्रेयांक ‘एबीसी’ या श्रेयांक पेढीत जमा राहतात. मुलीचं खातं उघडलेलं आहे ना आणि पहिल्या सत्राचे श्रेयांक त्यात खरोखर दिसतात ना, हे निकाल लागल्याबरोबर तपासून घ्या.

किंमत किती, याचं उत्तर स्पष्ट द्यायला हवं. या प्रमाणपत्रावर अन्न सुरक्षा अधिकारी होता येत नाही. त्या पदाला अन्न तंत्रज्ञान, दुग्ध तंत्रज्ञान, कृषी, सूक्ष्मजीवशास्त्र अशा ठरावीक विषयांतली पदवी लागते. परभणीच्या अन्न तंत्रज्ञान महाविद्यालयातला चार वर्षांचा बी.टेक. हाही याहून वेगळा रस्ता आहे. प्रमाणपत्रावर मिळू शकतं ते उत्पादन विभागातलं किंवा गुणवत्ता प्रयोगशाळेतलं मदतनिसाचं काम. ते टिकतं कशावर, तर मुलीला काटा, रिफ्रॅक्टोमीटर (रसातले विद्राव्य घन पदार्थ मोजणारं उपकरण), ब्युरेट (थेंबाथेंबाने द्रावण सोडणारी मापाची नळी) आणि पीएच मीटर कुणाच्या मदतीशिवाय वापरता येतात का, यावर. म्हणून कॉलेजात जाऊन दोनच गोष्टी विचारा. प्रात्यक्षिकाच्या १ श्रेयांकाला सत्रात ३० तास लागतात. ते तास खरंच होतात का? आणि एका उपकरणामागे किती मुलं असतात? पंधरा जणांत एक ब्युरेट असेल तर चौदा जण नुसते पाहत उभे राहतात. तसं असेल तर सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळा उघडी मिळेल का, हे मुलीने शिक्षकांना आग्रहाने विचारावं. तो तिचा हक्क आहे.

प्रश्न : बारावीला गणित सोडलं होतं. इथे पहिल्याच महिन्यात ‘मास बॅलन्स’ आला आणि धडकी भरली. किती गणित लागेल?
– प्रथम वर्षाची विद्यार्थिनी, तासगाव

उत्तर : पहिल्या वर्षाला त्रैराशिक, टक्केवारी आणि एकच एक विचार पुरतो : आत गेलेलं वजन कुठून तरी बाहेर आलंच पाहिजे. तुम्ही तासगावच्या, तेव्हा बेदाण्यावरच पाहू.

१,००० किलो द्राक्षं आहेत आणि त्यात ७८ टक्के पाणी आहे. म्हणजे पाणी ७८० किलो आणि घन पदार्थ २२० किलो. वाळताना उडतं ते पाणी. घन पदार्थ तेवढेच राहतात. बेदाण्यात १५ टक्के ओलावा ठेवायचा, म्हणजे त्या २२० किलोंनी बेदाण्याचा ८५ टक्के भाग व्यापायचा. २२० भागिले ०.८५, उत्तर २५९ किलो. उडालेलं पाणी १,००० वजा २५९, म्हणजे ७४१ किलो. चार किलोला एक किलो हा शेडवरचा जुना हिशेब याच भागाकारातून येतो.

चुकतं ते एकाच ठिकाणी. ७८ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आलं म्हणून मुलं ६३ टक्के पाणी उडालं असं लिहितात. पण ते ७८ टक्के होते १,००० किलोंचे आणि हे १५ टक्के आहेत २५९ किलोंचे. ज्यांचा पाया वेगळा, त्या टक्क्यांची वजाबाकी करायची नसते. म्हणून पहिली ओळ नेहमी घन पदार्थांची लिहा, टक्क्यांची नको.

या हिशेबाचा खरा उपयोग गणित जुळत नाही तेव्हा होतो. समजा काट्यावर २४० किलोच भरले. मग १९ किलो गेले कुठे? एक शक्यता अशी की देठ, फोल मणी आणि जाळीवरून सांडलेला माल मोजलाच नाही. दुसरी अशी की माल जास्त वाळला. सगळे घन पदार्थ जागेवर असतील तर २४० किलोंत ते जवळपास ९२ टक्के होतात, म्हणजे ओलावा ८ टक्क्यांवर आला. यातलं खरं कोणतं ते ओलावा मोजून कळतं. बेदाणा जास्त वाळला असेल तर पाणी विकायचं राहून गेलं आणि मणीही कडक, काळपट झाला, असं दुहेरी नुकसान होतं.

आणि शेडवर जी डिपिंगची, म्हणजे वाळवण्याआधी द्राक्षं बुडवून काढायची, बादली असते, तिथेही त्रैराशिकच आहे. लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल, म्हणजे इथाइल ओलिएट. मग २०० लिटरच्या टाकीला ५ किलो आणि ३ लिटर. हे द्रावण मण्यावरचा मेणाचा थर सैल करतं आणि पाण्याला वाट देतं. हे तुम्हाला आधीच माहीत आहे. गणित म्हणून कुणी ओळख करून दिली नव्हती, एवढंच.

प्रश्न : संत्र्याच्या स्क्वॅशची आम्लता काढताना आमच्या गटाचं उत्तर ०.११ टक्के आलं, शेजारच्या गटाचं १.१५ आणि तिसऱ्याचं १.०६. बाटली एकच होती. बरोबर कोण?
– तीन विद्यार्थी, अमरावती

उत्तर : आकडे पाहूनच बरंच सांगता येतं. तुम्ही १० ग्रॅम स्क्वॅश १०० मिलीपर्यंत पातळ केला, त्यातले १० मिली घेतले आणि ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड साधारण १.८ मिली लागलं, असं धरू. सायट्रिक आम्लाचा तुल्यभार (इक्विव्हॅलंट वेट) ६४. मग १.८ गुणिले ०.१ गुणिले ६४ गुणिले १०० (पातळ केलेलं एकूण आकारमान) गुणिले १००, आणि भागिले १० मिली, १० ग्रॅम आणि १,००० यांचा गुणाकार. उत्तर १.१५. तुमच्या गटाचं उत्तर जवळपास दहावा हिस्सा आहे, म्हणजे पातळ केल्याचा गुणक धरायचा राहिला. तुमचा हात बरोबर चालला, चूक फक्त कागदावर झाली.

तिसऱ्या गटाचं १.०६ मात्र कदाचित सर्वांत खरं असेल. सोडियम हायड्रॉक्साइडचे खडे हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. ४ ग्रॅम तोलून लिटरभर पाण्यात विरघळवले म्हणजे ०.१ नॉर्मल झालं, असं होत नाही. ते ऑक्झॅलिक आम्लाच्या ०.१ नॉर्मल द्रावणाशी (लिटरला ६.३ ग्रॅम) पडताळून घ्यावंच लागतं. पडताळणीत ०.०९२ आलं असेल तर १.१५ चं १.०६ होतं. त्यांच्या वहीत पडताळणीचा आकडा आहे का, ते पाहा. असेल तर शेजारच्यांनीही आपलं उत्तर त्या आकड्याने पुन्हा काढावं.

बाकी सवयीच्या गोष्टी : फिक्की गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबायचं, गडद गुलाबीपर्यंत जायचं नाही. ब्युरेटच्या तोटीखालचा हवेचा बुडबुडा आधी काढायचा. आणि फळ बदललं की तुल्यभार बदलतो : द्राक्ष आणि चिंचेला टार्टारिकचा ७५, सफरचंदाला मॅलिकचा ६७, दही-ताकाला लॅक्टिकचा ९०. कोणत्या आम्लाच्या रूपात आम्लता मांडली, हे उत्तरापुढे लिहिलं नाही तर ते उत्तर अपुरं.

प्रश्न : आणि कोकम? त्यात गुलाबी छटा दिसणार कशी?
– वाचक, सावंतवाडी

उत्तर : दिसत नाहीच. रंग मुळात लाल, आणि अल्क पडत जाईल तसा तो स्वतःच काळपट-निळसर होत जातो, त्यात फिनॉल्फ्थॅलीन, म्हणजे गुलाबी छटा देणारा दर्शक, हरवतं. फिकट रस असेल तर भरपूर पातळ करून निभावतं. कोकम, जांभूळ, काळी द्राक्षं यांना पीएच मीटरचा दांडा चंचुपात्रात ठेवा आणि ८.१ आला की थांबा. मीटर त्याच दिवशी ४ आणि ७ च्या बफरने जुळवलेलं हवं.

प्रश्न : पाचगणीच्या शिबिरात पुस्तकाप्रमाणे स्ट्रॉबेरी जॅम १०५ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवला. पार चिक्कीसारखा झाला आणि आठ दिवसांत साखरेचे खडे धरले. थर्मामीटर ठीक होता. मग चुकलं काय?
– विद्यार्थी, सातारा

उत्तर : पुस्तकातला आकडा समुद्रसपाटीचा आहे. नियम असा की जॅम पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या ५ अंश वर तयार होतो. पाणी १०० अंशांना उकळतं तिथे १०५. उंची दर ३०० मीटरला साधारण १ अंश खाते. महाबळेश्वर-पाचगणी सुमारे १,३०० ते १,३५० मीटरवर, म्हणजे पाणी साडेपंच्याण्णवच्या आसपास उकळणार आणि जॅम शंभराच्या जरा पुढे तयार होणार. तुम्ही त्यापुढे साडेचार अंश गेलात. इतक्यात विद्राव्य घन पदार्थ ६८ टक्क्यांवरून ७५ च्याही वर जातात आणि थंड झाल्यावर ती साखर विरघळलेली राहू शकत नाही. पुण्यातसुद्धा हा फरक जवळपास २ अंशांचा पडतो. म्हणून कुठेही गेलात तरी आधी नुसतं पाणी उकळून थर्मामीटर पाहायचा आणि त्यात ५ मिळवायचे.

याहून भरवशाची रीत वजनाची. तिला उंची लागत नाही आणि फुटणारं काही लागत नाही. १ किलो गर घेतला, त्याचा ब्रिक्स (विद्राव्य घन पदार्थांची टक्केवारी) ८, म्हणजे ८० ग्रॅम घन पदार्थ. साखर १ किलो. पेक्टिन ५ ग्रॅम, सायट्रिक आम्ल ४ ग्रॅम. एकूण घन पदार्थ १,०८९ ग्रॅम. ६८ टक्क्यांवर थांबायचं, तर १,०८९ भागिले ०.६८, म्हणजे १,६०० ग्रॅम. पातेल्याचं रिकामं वजन आधी लिहून ठेवा. आतला माल दोन किलोंवरून १,६०० ग्रॅमवर आला की गॅस बंद. नियमाप्रमाणे जॅममध्ये विद्राव्य घन पदार्थ किमान ६५ टक्के लागतात आणि फळ किमान ४५ टक्के, स्ट्रॉबेरीला २५. इथे फळ ६२ टक्के होतं, तेव्हा तीही काळजी नाही.

पेक्टिन कोरडं टाकू नका. त्याच्या दसपट साखरेत, म्हणजे ५ ग्रॅमला ५० ग्रॅम साखरेत, कालवून भुरभुरवा. नाहीतर वरून चिकट आणि आत कोरड्या अशा गाठी होतात आणि त्या शेवटपर्यंत फुटत नाहीत. आम्ल मात्र अखेरीस. सुरुवातीलाच टाकून तासभर उकळलं की पेक्टिनची साखळी तुटते आणि जॅम जमतच नाही. आम्ल जास्त झालं, सामू (पीएच) ३ च्या खाली गेला, तर जमलेला जॅम पाणी सोडतो; ३.४ च्या वर राहिला तर सैल राहतो. बरण्यांत भरायचा तो ८५ अंशांच्या आसपास, गरम असतानाच. थंड करून भरला की झाकणाखाली वाफेचे थेंब साचतात, तेवढ्या जागी साखर पातळ होते आणि बुरशीला तेवढंच पुरतं.

रिफ्रॅक्टोमीटरबद्दल एक सूचना. हातातले रिफ्रॅक्टोमीटर वेगवेगळ्या पट्ट्यांचे येतात. ० ते ३२ चा रसासाठी. जॅमला ५८ ते ९० चा लागतो. शिबिराला निघताना पेटीत कोणता आहे ते पाहून घ्या. जॅमचा थेंब काचेवर ठेवल्यावर अर्धा मिनिट निवू द्या, गरम थेंब आकडा कमी दाखवतो आणि तुम्ही पुढे शिजवत राहता.

प्रश्न : संत्र्याचा स्क्वॅश १० किलो करायचा आहे. प्रत्येक पुस्तकात प्रमाण वेगळं. केएमएस किती टाकायचं याचं उत्तर ‘चिमूटभर’ असं मिळालं. शिवाय मागच्या खेपेला तीन बाटल्यांची झाकणं उडाली आणि उरलेला स्क्वॅश कडू झाला.
– महिला बचत गटाच्या सदस्य व प्रमाणपत्र वर्गाच्या विद्यार्थिनी, काटोल

उत्तर : ताई, चिमूट हे माप या कामात धरायचंच नाही. तोळा-माशाचा फरक इथे कुणाच्या तरी श्वासावर येतो : सल्फर डायऑक्साइडने दम्याच्या रुग्णाला त्रास होऊ शकतो.

पुस्तकं वेगळी दिसतात, कारण प्रत्येकाने वेगळा रस धरला आहे. आपण आपल्या रसावरून काढू. स्क्वॅशला रस किमान २५ टक्के आणि ब्रिक्स किमान ४० हवा. आपण ब्रिक्स ४५ आणि आम्लता १.२ टक्के ठेवू. रस २.५ किलो, त्याचा ब्रिक्स १० आणि आम्लता ०.६ असं मोजून आलं समजा. १० किलोला आम्ल हवं १२० ग्रॅम. रसातून आलं १५, म्हणून सायट्रिक आम्ल १०५ ग्रॅम. घन पदार्थ हवेत ४.५ किलो, रसातून २५० ग्रॅम आले, आम्लाचे १०५, राहिली साखर ४ किलो १४५ ग्रॅम. पाणी ३ किलो २५० ग्रॅम. बेरीज करून पाहा, १० किलो भरते.

आता केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. स्क्वॅशमध्ये सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ३५० पीपीएम, म्हणजे किलोमागे ३५० मिलिग्रॅम. १० किलोला ३.५ ग्रॅम. केएमएसच्या वजनातला सुमारे ५७ टक्के भाग सल्फर डायऑक्साइड असतो. म्हणून ६ ग्रॅम. हे स्वयंपाकघरातल्या काट्यावर नीट मोजलं जात नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो. पाकीट फोडून वर्षभर ठेवलेलं असेल, हुंगल्यावर नाकाला झोंबत नसेल, तर ते टाकून द्या. जास्त घालून भरपाई करू नका.

झाकणं उडाली ती यीस्टने साखर आंबवून वायू केला म्हणून. केएमएस होतं, तरी यीस्ट का वाढलं? बहुतेक वेळा पाक गरम असतानाच केएमएस टाकलेलं असतं, आणि सल्फर डायऑक्साइड वाफेबरोबर उडून जातो. वासावरून भट्टीजवळ कळतंसुद्धा. क्रम असा ठेवा : साखर, आम्ल, पाणी एक उकळी येईपर्यंत तापवा, मलमलीतून गाळा, पूर्ण थंड करा, मग रस मिसळा, आणि सर्वांत शेवटी केएमएस थोड्या पाण्यात विरघळवून सगळीकडे ढवळा. बाटल्या उकळून उपड्या घालून कोरड्या केलेल्या हव्यात. तळाशी राहिलेल्या चमचाभर पाण्यात आधीचं यीस्ट जगतं. वर बोटभर जागा सोडून भरा.

कडूपणाचं कारण वेगळं. संत्र्याच्या बिया आणि पांढरी साल चिरडली गेली की त्यातून जे द्रव्य रसात उतरतं, ते सुरुवातीला कडू नसतं. आम्ल रसात, विशेषतः तापवल्यावर, काही तासांत त्याचं लिमोनिन होतं आणि मग कडूपणा येतो. काढताना चाखलेला रस गोड लागतो, म्हणूनच फसगत होते. रस काढताना जोर कमी लावा, मिक्सरमध्ये फोडी फिरवू नका, बिया आधी काढा. कडू झालेला रस साखरेने सुधारत नाही.

प्रश्न : कोकम सिरपलाही केएमएसच घालावं का?
– वाचक, कुडाळ

उत्तर : नको. सल्फर डायऑक्साइड कोकम, जांभूळ, स्ट्रॉबेरी यांचा लाल रंग फिका पाडतो. तिथे सोडियम बेन्झोएट. ६०० पीपीएम बेन्झोइक आम्लाच्या मर्यादेला १० किलोमागे ते सुमारे ७ ग्रॅम बसतं. आधी साध्या पाण्यात विरघळवा; आम्लाच्या दाट द्रावणात थेट टाकलं तर पांढरा साका बसतो. सामू ४.५ च्या वर असेल तर बेन्झोएट जवळपास निकामी ठरतं. कोकम मुळातच आंबट, त्यामुळे ती अडचण येत नाही. सिरप ६५ ब्रिक्सच्या वर घट्ट असेल तर टिकवण्याचं बरंचसं काम साखरच करते.

प्रश्न : प्रात्यक्षिकात मधुमक्याचे दाणे आणि अळिंबी मिठाच्या पाण्यात बाटलीबंद केली. तशीच घरी करून विकावी म्हणते. अर्धा तास उकळलं तर चालेल ना?
– विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : चालणार नाही. तासभर, दोन तास उकळलं तरी नाही. हे उत्तर आम्ही मुद्दाम विस्ताराने देत आहोत.

मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू असतो. त्याचे बीजाणू १०० अंशांच्या पाण्यात तासन् तास जिवंत राहतात. बाटलीत हवा नाही, आम्ल नाही, मीठ बेताचं. अशा जागी ते उगवतात आणि जे विष तयार करतात त्याने श्वासाचे स्नायू बंद पडतात. बाटली फुगेलच, वास येईलच असं नाही. सामू ४.६ ही त्याची सीमा आहे. त्याखाली हे बीजाणू उगवत नाहीत, म्हणून ज्यांचा सामू खरोखर त्याखाली आहे अशा आंबट फळांना आणि लोणच्यांना उकळतं पाणी पुरतं. मका आणि अळिंबी ६ च्या आसपास किंवा वर असतात. त्यांना १२१ अंश लागतात, आणि तेही बाटलीच्या आत, सर्वांत उशिरा तापणाऱ्या बिंदूला, किमान ३ मिनिटं. कॉलेजात तुम्ही वापरलं ते यंत्र रिटॉर्ट होतं. त्यात आधी हवा बाहेर काढतात, मग दाब धरतात, आणि वेळ बाटलीच्या मापाप्रमाणे आधी चाचणी करून ठरवलेली असते.

घरचा कुकरही १२० च्या जवळ जातो, मग तो का नको? कारण कुकरमधल्या वाफेचं तापमान तेवढं होतं, दाण्यांनी गच्च भरलेल्या बाटलीच्या मध्याचं किती होतं ते कुणीच मोजलेलं नसतं. तेलात बुडवून बाहेर ठेवलेल्या सोललेल्या लसणालाही हाच धोका आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

विकायचंच असेल तर मका गोठवून किंवा वाळवून विका, अळिंबीचं व्हिनेगरमधलं लोणचं करा. लोणच्यात अळिंबी आणि पाणी दोन्हींचा सामू एक व्हायला वेळ लागतो. दोन दिवसांनी दोन्ही एकत्र वाटून मोजा आणि ४.२ च्या वर असेल तर ती खेप बाजारात पाठवू नका. नुसतं वरचं पाणी मोजलं तर ते आंबटच दाखवतं, अळिंबीच्या आतलं काही सांगत नाही.

प्रश्न : वाळवलेली मेथी महिन्याभरात गवतासारखी लागते, रंगही जातो.
– वाचक, जुन्नर

उत्तर : ब्लँचिंग, म्हणजे वाळवण्याआधी गरम पाण्यातून काढणं, अपुरं झालं. पानातली विकरं (एन्झाइम) जिवंत राहिली की वाळल्यावरही हळूहळू काम करत राहतात. उकळत्या पाण्यात मिनिट-दीड मिनिट, झाकण न ठेवता (पानातली आम्लं वाफेबरोबर जातात आणि हिरवा रंग टिकतो), मग लगेच गार पाण्यात. पुरेसं झालं का, हे पेरॉक्सिडेझ चाचणीने कळतं : चिरलेल्या पानावर १ टक्का ग्वायाकॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाका, तीन-चार मिनिटांत तांबूस-तपकिरी रंग आला तर अजून वेळ हवा होता. ड्रायर ५५ ते ६० अंशांवर ठेवा आणि पाकीट प्रकाश आत न जाणारं घ्या.

प्रश्न : उन्हाळी कार्यानुभवासाठी भाजी गोठवणाऱ्या कारखान्यात जागा मिळाली. मागच्या वर्षीच्या मुलांना महिनाभर खोकी चिकटवायला बसवलं म्हणे. काय करावं?
– विद्यार्थी, जळगाव

उत्तर : जाण्याआधी कॉलेजकडून लेखी वेळापत्रक करून घ्या आणि ते कारखान्याच्या सहीसह आणा : कच्चा माल स्वीकार, धुलाई व ब्लँचिंग, गोठवण, प्रयोगशाळा, शीतगृह. प्रत्येकी किमान चार दिवस. खोकी चिकटवण्यातही शिकण्यासारखं आहे, पण दोन दिवसांत ते शिकून होतं.

धुलाईवर असाल तेव्हा क्लोरीनचा हिशेब स्वतः करा. ५०० लिटरच्या टाकीत १०० पीपीएम हवं आणि सोडियम हायपोक्लोराइट ४ टक्क्यांचं, म्हणजे ४०,००० पीपीएमचं आहे. १०० गुणिले ५०० भागिले ४०,०००, म्हणजे सव्वा लिटर. मग पट्टी बुडवून खरा आकडा पाहा, आणि अर्ध्या तासाने परत पाहा. तो निम्म्यावर आलेला दिसेल तर कारण माती : क्लोरीन जंतूंआधी चिखल आणि पालापाचोळ्यावरच खर्च होतं. म्हणून चिखल साध्या पाण्याने आधी काढायचा असतो, आणि म्हणूनच टाकी सकाळी एकदा भरून दिवसभर चालवायची नसते. सामू ७.५ च्या वर गेला की तेच क्लोरीन ढिलं पडतं, तेही लिहून ठेवा. हायपोक्लोराइट आम्लाच्या कॅनजवळ ठेवलेलं दिसलं तर त्याच क्षणी पर्यवेक्षकाला सांगा; दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

रोज एका खेपेचं आत गेलेलं वजन, साल-देठ-नाकारलेला माल आणि बाहेर आलेलं वजन वहीत मांडा. कारखान्याचे आकडे बाहेर नेण्याआधी परवानगी विचारा. नाही म्हणाले तर नुसती टक्केवारी लिहा. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बहुधा याच पानावर येतो : शंभर किलो वाटाण्याच्या शेंगांतून दाणे किती निघाले, आणि बाकीचं कुठे गेलं.